कुरूप, मस की कॅन्सर? कातडी तपासायची कशी, सुरुवात कुठून करायची आणि चुकतं कुठे

बेळगावच्या एका दवाखान्यात कातडीच्या ओपीडीबाहेर केसपेपर लिहायचं काम मी बरीच वर्षं केलं. मी डॉक्टर नाही. पण टेबलापलीकडचा माणूस पहिलं वाक्य काय बोलतो ते माझ्या कानावर रोज पडायचं. "तसं काय दुखूलालं नाही की, पोरगा ऐकेना म्हणून आलो." त्वचेच्या कॅन्सरचे जे पेशंट उशिरा आले, त्यांच्यातल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच होतं. सोबत पिशवीत दोन-तीन पिळून संपलेल्या मलमांच्या ट्यूबा.

"दुखतंय का?" हा प्रश्नच इथे उपयोगाचा नाही. हे आजार सुरुवातीला दुखत नाहीत. विचारायचं ते असं: किती दिवस झाले, आणि बदलतंय का?

दुसरी अडचण फोटोंची. मोबाइलवर शोधलं की गोऱ्या कातडीवरचे गुलाबी डाग दिसतात, मग माणूस म्हणतो, आपल्याला असलं काही नाही. आपल्या सावळ्या कातडीला उन्हापासून थोडं जास्त संरक्षण असतं, त्यामुळे भारतातल्या एकूण कॅन्सरमध्ये त्वचेच्या कॅन्सरचा वाटा लहान आहे हे खरं. तेव्हा प्रत्येक तीळ बघून घाबरू नका. पण आपल्याकडे तो होतो तेव्हा बरेचदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो: तळपाय, नखाखाली, कमरेच्या नाडीखाली, जुन्या भाजल्याच्या व्रणावर. नेमक्या त्याच जागा कुणी बघत नाही.

१. आधी तीन आजार वेगळे ओळखा

बेसल सेल कार्सिनोमा. हा बहुधा चेहऱ्यावर येतो: नाक, डोळ्याच्या आतला कोपरा, पापणी, गाल. संथ वाढतो, शरीरात दुसरीकडे पसरणं फार क्वचित. पण जिथे आहे तिथे खोल कुरतडत जातो, आणि डोळ्याजवळ असेल तर तेवढंही पुरेसं वाईट. पुस्तकात तो मोत्यासारखा चकाकणारा गुलाबी दाणा असतो. आपल्या कातडीत तो पुष्कळदा काळा किंवा काळपट निळा असतो, म्हणून लोक त्याला तीळ समजतात. मधे खळगा, कडेला भांड्याच्या काठासारखी उचललेली बारीक चकाकती कड. खपली धरते, टॉवेलनं पुसताना निघते, थेंबभर रक्त येतं, परत खपली. "न्हाव्याचा वस्तरा लागला" ही पुरुषांची ठरलेली गोष्ट, "चमकीनं चिडलंय" ही बायकांची.

स्क्वेमस सेल कार्सिनोमा. खरखरीत, जाड, कधी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ, कधी न भरणारा व्रण. उन्हात राबणाऱ्याच्या खालच्या ओठावर, कानावर, हाताच्या पाठीवर होतो. पण आपल्याकडे त्याची आवडती जागा म्हणजे जुनी दुखापत. तो काखेतल्या, जांघेतल्या, मानेतल्या लसिका गाठींपर्यंत पोचू शकतो.

मेलॅनोमा. तिघांत सर्वांत कमी आढळणारा आणि सर्वांत घातक. रंग तयार करणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर. आपल्याकडे तो बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली येतो. पातळ असताना काढला तर बहुतेक पेशंट बरे होतात, मात्र खोल गेल्यावर गोष्ट बदलते. म्हणून या एकाच्या बाबतीत महिन्यांचा हिशेब महत्त्वाचा.

सावधान: मेलॅनोमा काळाच असतो असं नाही. काही लालसर, मांसाच्या रंगाचे असतात आणि फोड किंवा चिघळलेली जखम म्हणून खपून जातात.

२. तपासणीची तयारी

महिन्यातून एकदा पुरे. रोज बघितलं तर फरक कळत नाही आणि मनाला घोर लागतो तो वेगळाच. अमावास्या लक्षात राहत असेल तर अमावास्या धरा, गॅसचं बिल लक्षात राहत असेल तर ते.

वेळ सकाळची, जागा पडवीतली किंवा खिडकीजवळची. ट्यूबलाइटखाली तपकिरी आणि काळा एकच दिसतात. एक हातआरसा, शाळकरी पोराची मिलिमीटरची पट्टी, एक वही, आणि पाठ बघायला घरातलं कुणीतरी.

पाय आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग साबणानं घासा. हे टाळू नका. रानातली काळी माती भेगांत बसते आणि हुबेहूब काळ्या डागासारखी दिसते. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर अनवाणी जाऊन आलेल्या माणसाच्या तळव्यात तर आठ दिवस काय काय रुतलेलं असतं. नेलपॉलिश, मेंदी, भंडारा, हळद काढा. जोडवी सरकवून खालची कातडी मोकळी करा. परकराची नाडी सोडा. ज्यांच्या हातावर, कपाळावर गोंदण आहे त्यांनी गोंदणाच्या आतही बघायचं, कारण हिरव्या रेघांत नवा डाग लपतो.

तपासा: धुतल्यावर, घासल्यावर जे निघालं नाही तेच पुढे मोजायचं.

३. पायापासून सुरू करा

सगळीकडे सांगतात डोक्यापासून पायापर्यंत. मी उलट सांगतो. डोक्यापासून सुरू केलेला माणूस पोटाशी येईपर्यंत कंटाळतो आणि तळव्यावर नुसता हात फिरवून उठतो. चेहरा काय, तो रोज आरशात दिसतोच.

तळपाय आणि बोटांच्या बेचक्या. कुरूप दाबाच्या जागी असतं, मधे कडक दाणा असतो, आणि भिजवून वरचा थर खरवडल्यावर आत रंग नसतो. मोडलेला काटा दाबला की टोचतो आणि काही आठवड्यांत बाहेर येतो किंवा पिकतो. खानापूरकडे भातलावणीत चिखल्या होतात, त्या दोन-तीन बेचक्यांत मिळून होतात, खाजतात, पाऊस सरला की सुकतात. यांपैकी कशातच न बसणारा, एकच, सपाट किंवा किंचित उचललेला, वेड्यावाकड्या कडेचा काळपट डाग असेल तर तिथे थांबा. तसा सावळ्या माणसांच्या तळव्यांवर दोन्हीकडे फिकट तपकिरी ठिपके असणं साधी गोष्ट आहे. वेगळा पडणारा, वाढणारा एक डाग शोधायचा.

घरी ब्लेडनं कुरूप तासणं बंद करा. तासलेलं कुरूप परत येतं, तासलेला मेलॅनोमा चिघळतो, आणि डॉक्टरांना मूळ डाग कसा होता ते कळायचा मार्ग बंद होतो.

नखं. इथे चुका फार होतात, म्हणून जरा सविस्तर. ठेच लागून, दगड पडून नखाखाली रक्त साकळतं आणि नख काळं पडतं. हे काळं नखाबरोबर पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्मं. म्हणून काळ्या डागाच्या मागच्या कडेशी, कातडीपासून किती अंतर आहे ते पट्टीनं मोजून वहीत लिहा आणि दोन महिन्यांनी परत मोजा. मागे स्वच्छ नख उगवलं असेल तर रक्तच होतं. डाग जागचा हलला नाही किंवा रुंद झाला, तर ते रक्त नव्हे. मात्र ठेच लागल्याचं आठवतच नसेल किंवा डाग डोळ्यांदेखत वाढत असेल, तर दोन महिने थांबण्यात अर्थ नाही.

नखात उभी तपकिरी रेघ असेल तर? पुष्कळ नखांवर बारीक रेघा असणं आपल्या रंगाच्या माणसांत नेहमीचं. मोठेपणी एकाच नखावर, विशेषतः अंगठ्यावर, नवीन आलेली, ३ मिलिमीटरपेक्षा रुंद, मुळाशी जाड आणि टोकाला निमुळती रेघ मात्र दाखवायलाच हवी. आणि काळा रंग नखाबाहेर, नखाच्या मुळाच्या कातडीवर उतरला असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

सावधान: "नखुरडं झालंय, लिंबू अडकवून ठेव" हा सल्ला दोन-चार दिवसांपुरता ठीक. महिनाभर लिंबं बदलत बसलेले लोक मी पाहिलेत.

पायाची नडगी आणि जुने व्रण. आपल्या भागात हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, असं माझं मत. गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस अंगावर उडालेले, लहानपणी चुलीत पाय गेलेले, स्टोव्हच्या भडक्यात भाजलेले, अपघातानंतर कातडी लावलेली माणसं घरोघर आहेत. शिरा फुगून घोट्याजवळ झालेली जखम, साखरेच्या पेशंटच्या तळव्याचा व्रण, कुष्ठरोगात बधिर झालेल्या पायाची भोकं, हाडातून वर्षानुवर्षं वाहणारा पू हेही याच रांगेतले. भाजल्यानंतर वीस-तीस वर्षांनीही त्या व्रणात स्क्वेमस सेल कार्सिनोमा होऊ शकतो. त्याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात, आणि तो इतर स्क्वेमस कॅन्सरपेक्षा जास्त आक्रमक असतो.

ओळखायचा कसा? जुन्या जखमेची सवय झालेली असते, म्हणून वास, कड आणि रक्त या तिन्हींत झालेला बदल धरायचा. कड बाहेरच्या बाजूला उलटून जाड झाली, मधून फ्लॉवरसारखे मांसाचे कोंब आले, नुसतं ड्रेसिंग काढताना रक्त यायला लागलं, वास बदलला, किंवा कधी न दुखणारी जखम दुखायला लागली तर डॉक्टरांकडे नुसतं ड्रेसिंग करून घेऊन परत येऊ नका. "यातला तुकडा तपासायला पाठवायचा का?" असं तोंडानं विचारा. पायाच्या जखमेला दहा वर्षं पट्ट्या बांधणारा माणूस अकराव्या वर्षीही पट्टीच मागतो, आणि पट्टी बांधणाराही तीच बांधून देतो.

कमर. परकराची नाडी किंवा धोतराची गाठ वर्षानुवर्षं एकाच रेषेवर आवळली की तिथली कातडी आधी सोलवटते, मग काळी-पांढरी पडते, जाड होते. क्वचित त्याच पट्ट्यात न भरणारा व्रण होतो आणि तो कॅन्सर निघतो. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचे डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ सालीच धोतरामुळे होणाऱ्या अशा कॅन्सरची नोंद केली होती, आणि पुढे साडीच्या नाडीचेही पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. कमरेवर काळी-पांढरी रेघ असणं म्हणजे कॅन्सर नव्हे. त्या रेघेवर चार आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर मात्र दाखवा. रेघ असेल तर आजपासून नाडीऐवजी रुंद पट्टी लावा आणि ती रोज थोडी वर-खाली बांधा.

बायका ही जागा दाखवायला लाजतात. आई, सासू यांच्या कमरेला काही आहे का, हे घरातल्या लेकीनं, सुनेनं विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

पाठ, खांदे, तळहात. पाठ दुसऱ्यानं बघायची. वयस्कांच्या पाठीवर मेणाचा ठिपका चिकटवल्यासारखे काळपट खरखरीत मस असतात, नखानं कुरतडले तर कण निघतात. गालावरचे, डोळ्यांभोवतीचे काळे दाणे बहुधा घराण्यात असतात. दोन्ही निरुपद्रवी. पण असे मस अचानक, थोड्या महिन्यांत पुष्कळ आले तर पोटातलं काही आहे का ते डॉक्टर बघतात.

चेहरा, ओठ, कान, डोकं. कातडी दोन बोटांनी ताणा. ताणल्यावर बेसल सेल कार्सिनोमाची चकाकती कड उठून दिसते. चष्म्याच्या दांडीखाली, कानामागे, नाकपुडीच्या कोपऱ्यात बघा. खालचा ओठ खाली ओढून बघा. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखू आणि बिडी जन्माला पुजलेली, शिवाय दिवसभर रानातलं ऊन. ओठावर पांढरा खरखरीत चट्टा किंवा न भरणारी चीर असेल तर व्हॅसलीन लावत बसू नका. टक्कल असेल तर डोकंही बघा.

४. संशय आला तर: मोजा, फोटो काढा, लिहा

तिळाच्या बाबतीत पाच गोष्टी बघायच्या. मधून दुमडला तर दोन अर्ध्या सारख्या दिसतील का? कड गुळगुळीत की नकाशासारखी तुटक? रंग एक की दोन-तीन? रुंदी ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे शाळेच्या पेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा जास्त? आणि गेल्या काही महिन्यांत वाढला, उंच झाला, खाजला, रक्त आलं, असं काही? पाचही जुळायची वाट बघू नका. पाचवी एकटी असली तरी दाखवायचं.

गाठीला, जखमेला हा नियम लागू नाही. तिथे चार आठवडे धरा. साधी जखम एवढ्यात भरते किंवा निदान भरायला लागते. चार आठवड्यांत आहे तशीच, किंवा भरून परत फुटली, तर ती संशयित.

फोटो काढताना पट्टी डागाच्या शेजारी ठेवा, फ्लॅश बंद, एक फोटो हातभर लांबून आणि एक जवळून. लांबचा नसेल तर नंतर हा पाय कुणाचा आणि डावा की उजवा, हेच कळत नाही. वहीत तारीख, जागा, रुंदी. महिन्यानं परत.

तपासा: काख, मान आणि जांघेत हात फिरवा. पायाला जखम असेल तर जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, येतंच, असं म्हणून सोडून देतात. जंतूंमुळे आलेलं अवधाण दुखतं आणि जखमेबरोबर उतरतं. न दुखणारी, घट्ट, वाढत जाणारी गाठ असेल तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका.

५. दाखवेपर्यंत काय करू नये

बिब्बा नको. बिब्ब्यानं कातडी भाजते, आणि भाजलेल्या काळ्या डागात मूळचा काळा डाग शोधणं अवघड होऊन बसतं. चुना आणि धुण्याचा सोडा लावून तीळ जाळणं तेच. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधून पाडणं ही आपल्याकडची जुनी कला, पण पडलेला तुकडा उकिरड्यावर जातो आणि तपासायला काही उरत नाही. जत्रेत, पार्लरमध्ये मशीननं तीळ जाळून घेतल्यावरही तोच प्रकार.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली तीन-तीन औषधं एकत्र असलेली नायट्याची ट्यूब बहुधा स्टिरॉइडची असते. तिनं वरची सूज उतरते, चार दिवस बरं वाटतं आणि महिना जातो.

६. दवाखान्यात जाताना

पहिला मुक्काम त्वचारोगतज्ज्ञाकडे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ते रोज असतीलच असं नाही, वार विचारून जा. बेळगावात सरकारी बिम्सचं जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय, दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. पुढे कॅन्सरचे उपचार लागले तर हुबळीला नवनगरची कॅन्सर संस्था, बंगळुरूला किदवाई कॅन्सर संस्था, आणि अथणी, चिकोडी, निपाणीकडच्यांना मिरज किंवा कोल्हापूर जवळ पडतं.

कागदांचं आधीच बघा. रेशनकार्ड आणि आधारवर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ठरवून करायच्या उपचारासाठी खासगी रुग्णालयात जायचं तर सरकारी दवाखान्याची शिफारसचिठ्ठी आधी लागते. ऑपरेशन झाल्यावर चिठ्ठी आणायला धावलेले लोक मी बघितलेत, ती मिळत नाही. सीमेपलीकडे महाराष्ट्रात जाणार असाल तर आपलं कार्ड त्या रुग्णालयात चालतं का, हे फोन करून विचारा आणि मगच गाडीत बसा.

बोलायचं काय, हे घरीच ठरवा. कधी दिसलं, तेव्हा केवढं होतं, आता केवढं आहे, रक्त येतं का, आधी काय काय लावलं. बिब्बा लावला असेल तर तेही सांगा, ओरडले तर ओरडू देत. पूर्वी त्या जागी भाजलं होतं का, किडनी बदलली आहे का, रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत का, घरात कुणाला असलं काही होतं का. फोटो आणि वही दाखवा.

डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर चार शब्द लक्षात ठेवा. व्रणाला हुण्णु, तिळाला मच्चे, गाठीला गंटु. "हुण्णु वासि आगिल्ल" म्हणजे व्रण बरा झालेला नाही. आणि जखमेला कन्नडमध्ये गाय म्हणतात. खानापूरकडच्या एका आजीला सिस्टरनं "गाय यल्ली?" विचारलं, तेव्हा आजी म्हणाल्या, "गोठ्यात."

तपासा: डॉक्टरांनी फक्त दाखवलेली जागा बघितली असेल तर तळवे, नखं आणि पाठ स्वतःहून दाखवा.

७. तुकड्याची तपासणी

बायोप्सीचं नाव काढलं की निम्मे लोक उठून जातात. "चाकू लावला की पसरतो." तसं होत नाही. ज्यांचा नंतर पसरला, त्यांचा बहुधा चाकू लावायच्या आधीच, वाट बघण्यात पसरलेला असतो.

जागा बधिर करायची सुई तेवढी टोचते. मग पेनाच्या टोकाएवढ्या गोल पात्यानं छोटा तुकडा काढतात, एक-दोन टाके, आणि तासाभरात घरी. मेलॅनोमाचा संशय असेल तर शक्य तिथे सगळा डागच १ ते ३ मिलिमीटर कडेसकट काढतात, कारण तो किती खोल गेलाय ते अर्ध्या तुकड्यावरून नीट कळत नाही. जुन्या मोठ्या व्रणातून दोन-तीन जागांहून, कडेकडून, तुकडे घ्यावे लागतात. मधला कुजलेला भाग घेतला तर रिपोर्ट काहीच सांगत नाही.

आता बाटली. लहान दवाखान्यात बाटली नातेवाइकाच्या हातात देतात आणि लॅबला पोचवायला सांगतात. आतलं द्रव फॉर्मॅलिनच हवं, तुकड्याच्या निदान दहापट. सलाइन, पाणी, स्पिरिट यांत ठेवलेला तुकडा बिघडतो. बाटलीवर नाव, वय, जागा, डावं-उजवं लिहिलंय का बघा. बाटली फ्रीजरमध्ये ठेवू नका आणि सांडली तर पाणी घालून परत भरू नका, सरळ फोन करा.

सावधान: "साधी गाठ होती, काढून टाकली" असं कुणी म्हणालं तर ती तपासायला कुठे पाठवली, ते विचारा. फेकली असेल तर पुढे तिथेच परत आल्यावर सुरुवात शून्यापासून.

८. रिपोर्ट हातात आल्यावर

पहिल्या ओळीतला "कार्सिनोमा" शब्द वाचून कागद घडी करून देव्हाऱ्यात ठेवू नका. चार गोष्टी शोधा किंवा डॉक्टरांना बोटानं दाखवायला सांगा. प्रकार कुठला. कडा स्वच्छ आहेत की आजार कडेपर्यंत पोचलाय. मज्जातंतूभोवती शिरलाय का. मेलॅनोमा असेल तर जाडी किती मिलिमीटर, कारण पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं: १ मिलिमीटरपर्यंत जाडी असेल तर भोवतालची १ सेंटीमीटर कातडी काढतात, २ मिलिमीटरच्या वर असेल तर २ सेंटीमीटर, आणि जाडीप्रमाणे जवळची गाठही तपासतात.

बेसल सेलला छोटं ऑपरेशन बहुधा पुरतं. ज्यांना ऑपरेशन झेपत नाही अशा म्हाताऱ्यांना रेडिएशन देतात. स्क्वेमसमध्ये गाठींची तपासणी सोबत येते.

रिपोर्टबरोबर तुमच्या तुकड्याच्या काचेच्या स्लाइड आणि तो बसवलेले मेणाचे ब्लॉक लॅबमध्ये असतात. दुसऱ्या गावी मत घ्यायला जाताना ते मागून घ्या, सही करून देतात. नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर मोठं रुग्णालय ऑपरेशन करत नाही. परत स्लाइड आणायला बंगळुरूहून बेळगावला फेरी पडली तर दोन दिवस आणि तिकिटाचे पैसे जातात.

९. लहान मुलांबद्दल एक वेगळा परिच्छेद

आपल्याकडे मामाच्या मुलीशी, काही घरांत भाचीशीही लग्नं होतात. नात्यातल्या लग्नात झेरोडर्मा पिगमेंटोसम हा दुर्मीळ आजार मुलांत यायची शक्यता वाढते. मूल थोड्या उन्हात भाजतं, दोन वर्षांच्या आतच चेहऱ्यावर दाट तपकिरी ठिपके पडतात, उजेडात डोळे उघडत नाही. अशा मुलांना दहा वर्षांच्या आतही त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो. "गोरं आहे म्हणून ठिपके" असं समजू नका. पूर्ण बाह्या, टोपी, चष्मा, शाळेत खिडकीपासून लांबची जागा, मैदानावरच्या प्रार्थनेतून सूट, आणि दर तीन महिन्यांनी कातडीचे आणि डोळ्यांचे डॉक्टर. जन्मतः रंग नसलेल्या, पांढऱ्या केसांच्या मुलांनाही ऊन असंच टाळावं लागतं. इतरांनी रानात डोकं-मान झाकली, दहा ते चार सावली धरली तरी पुष्कळ. मात्र तळव्याच्या मेलॅनोमाला सनस्क्रीनचा उपयोग नाही.

१०. ऑपरेशननंतर

टाके निघाले की लोक येणं बंद करतात. एक कॅन्सर झालेल्या कातडीत दुसरा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि जुना परत यायचा तर बरेचदा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो. फाइलच्या पहिल्या पानावर पुढची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. ऊसतोडणी, लग्नसराई, यात्रा यांच्या मधली तारीख मागा, देतात. घरची महिन्याची तपासणी चालू ठेवायची, फक्त आता सुरुवात ऑपरेशनच्या व्रणापासून: व्रणावर बोट फिरवून कुठे कडक दाणा लागतो का बघा, मग त्या बाजूची काख किंवा जांघ, आणि त्यानंतर पुन्हा तळपाय.